खुब्याच्या बाजूचे दुखणे: फिजिओथेरपीच्या एका उपचारक्रमाचे परीक्षण

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हात टेकवला असता हाडाचा जो उंचवटा लागतो, नेमक्या त्याच जागी महिनोन्‌महिने दुखत असलेल्या माणसाने फिजिओथेरपी केंद्रात जावे का, आणि गेल्यास तिथे त्याला काय मिळायला हवे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मी ज्या केंद्रात उपचार घेतले त्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण वाचकाला उपयोग आहे तो तिथल्या पद्धतीचा. तीच पद्धत आपल्या जवळच्या केंद्रात पाळली जाते की नाही, हे पहिल्या काही भेटींतच ओळखता येते. माझे मत आधीच नोंदवते: निदान उत्कृष्ट होते आणि रोजच्या हालचालींविषयीचे मार्गदर्शन त्याहूनही मोलाचे होते. व्यायामाची आखणी चांगली असली तरी तिच्यावरची देखरेख कमी पडली, आणि उपचारक्रम संपल्यानंतरची व्यवस्था तर जवळजवळ नव्हतीच.

या दुखण्यात काय बिघडते हे समजल्याशिवाय उपचार बरे की वाईट हे ठरवता येत नाही, म्हणून ते थोडक्यात सांगते. ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस हे नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे दोन स्नायू आपापल्या कंडरांनी, म्हणजे टेंडननी, मांडीच्या हाडाच्या त्या उंचवट्याला जोडलेले असतात. चालताना एक पाय उचलला जातो तेव्हा सगळा भार दुसऱ्या पायावर येतो आणि त्या क्षणी कंबर एका बाजूला कलू न देण्याचे काम मुख्यतः हे स्नायू करतात. कंडरांच्या वरून मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्याच्या खालपर्यंत एक जाड पट्टा जातो, आणि मध्ये घर्षण कमी करणाऱ्या, आत थोडासा द्रव असलेल्या लहान पिशव्या असतात, ज्यांना बर्सा म्हणतात. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की हा पट्टा ताणला जातो आणि कंडरा हाड व पट्टा यांच्यामध्ये दाबली जाते. असा दाब रोज तासन्‌तास पडत राहिला, किंवा बराच काळ बैठी सवय असताना एकदम चालणे, चढणे, धावणे वाढवले, की कंडरेची झीज दुरुस्तीपेक्षा अधिक वेगाने होऊ लागते. सुरुवातीच्या चिडचिडीला दाह म्हणता येईल. पण दुखणे जुने झाले की कंडरेत दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत, तर तिथले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विस्कळीत झालेले आणि कंडरा जाड पण कमकुवत झालेली दिसते. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी अशा दुखण्याची धार कमी होते, पण कंडरेची ताकद परत येत नाही, याचे कारण हेच आहे. हा त्रास चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो.

या केंद्रात जाण्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात मला बर्सा सुजल्याचे सांगून स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले होते. इंजेक्शननंतर रात्रीची झोप सुधारली, जिना सोपा झाला, आणि काही आठवड्यांनी दुखणे हळूहळू पूर्वपदावर आले. त्या दवाखान्यात इंजेक्शनबरोबर काय करायचे आणि काय टाळायचे याविषयी एक शब्दही सांगितला गेला नाही. माझी तक्रार इंजेक्शनबद्दल नसून या मौनाबद्दल आहे. बर्सा हाच या दुखण्याचा मुख्य दोषी, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दुखण्याच्या ८७७ रुग्णांची सोनोग्राफी तपासली गेली, तेव्हा बर्साचा दाह केवळ सुमारे २० टक्के रुग्णांत आढळला आणि नितंबाच्या कंडरांमधला बिघाड मात्र जवळपास निम्म्या रुग्णांत होता. इंजेक्शनचा गुण किती काळ टिकतो हेही तपासले गेले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २२९ रुग्णांच्या एका तुलनेत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांना महिन्याभरात चांगला आराम होता आणि घरी व्यायाम करणाऱ्यांपैकी अवघ्या ७ टक्क्यांना. पंधरा महिन्यांनी मात्र व्यायाम करणाऱ्यांतले ८० टक्के बरे होते आणि इंजेक्शन घेतलेल्यांतले ४८ टक्के. हे आकडे मला पहिल्याच दवाखान्यात कोणी सांगितले असते तर पुढचे नियोजन करणे फार सोपे गेले असते.

आता केंद्राकडे वळते. पहिल्या भेटीचा जवळजवळ सगळा वेळ तपासणीत गेला आणि त्या दिवशी एकही यंत्र लावले गेले नाही. प्रतीक्षागृहात बसलेल्या काही रुग्णांना हे आवडत नसल्याचे मी ऐकले, पण माझ्या मते या सेवेचे खरे मूल्य याच तासात आहे. मुख्य फिजिओथेरपिस्टनी आधी एका बोटाने दुखण्याची जागा दाखवायला सांगितली. खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कमरेतून येणारे दुखणे नितंबात आणि पायाच्या मागून खाली उतरते, आणि या कंडरांचे दुखणे बाहेरच्या उंचवट्यावर असते, असे त्यांनी समजावले. मात्र ते मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंतही पसरू शकते आणि त्यामुळेच अनेकांना ते सायटिका वाटते. मग प्रश्न आले: त्या कुशीवर झोपता येते का, बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावले कशी पडतात, जिना चढताना दुखते का, उभ्याने कपडे घालताना एका पायावर तोल सांभाळावा लागतो तेव्हा काय होते, आणि खाली वाकून मोजे व बूट घालता येतात का. शेवटचा प्रश्न मला सुरुवातीला अप्रस्तुत वाटला, पण त्यामागचे कारण कळल्यावर त्यांच्या विचारपूर्वक विचारण्याचे कौतुक वाटले. खुब्याच्या सांध्याची झीज झालेल्या माणसाला सांधा आखडल्यामुळे मोजे घालणे अवघड जाते. कंडरेच्या रुग्णाला बाहेरच्या बाजूला कितीही दुखत असले तरी हे काम सहसा जमते.

त्यानंतरची शारीरिक तपासणीही अशीच काटेकोर होती. उंचवट्यावर बोटाने दाबून पाहिले गेले. तिथे दाबल्यावर दुखले नाही तर कंडरेचा आजार असण्याची शक्यता कमी होते, परंतु दुखले म्हणजे निदान झाले असे होत नाही, कारण ती जागा इतर कारणांनीही हळवी असू शकते. म्हणून पुढची पायरी: भिंतीला केवळ एका बोटाचा आधार घेऊन दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे राहायचे. या अवधीत नेहमीच्या जागी नेहमीसारखेच दुखू लागले तर कंडरेच्या आजाराला भक्कम दुजोरा मिळतो. माझ्या बाबतीत अवधी संपण्याच्या बराच आधी दुखू लागले. उभे असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते का, हेही त्यांनी मागून पाहिले. हे लक्षण जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली वर्णिले आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाठीवर झोपवून पाय दुमडून, आत नेऊन, त्या स्थितीत त्यांच्या हाताच्या विरोधात मला पाय फिरवायला लावला. या चाचणीत कंडरेवर दाब आणि ताण एकाच वेळी येतो. शेवटी खुब्याचा सांधा आतल्या बाजूला किती वळतो ते मोजले आणि कमरेची, पायाच्या ताकदीची व संवेदनांची तपासणी करून मणक्याचा संबंध नसल्याची खात्री केली.

खुब्याभोवती दुखणारी कंडरा प्रत्येकाची हीच असते असे नाही. जांघेत, पुढच्या बाजूला दुखत असेल आणि पाय वर उचलताना कळ येत असेल, कधी आत काही सरकल्यासारखा आवाज येत असेल, तर खुबा दुमडणाऱ्या स्नायूच्या कंडरेचा विचार करावा लागतो. बसल्यावर ज्या हाडावर भार येतो तिथे, विशेषतः कठीण आसनावर बसताना दुखत असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूंची कंडरा तपासावी लागते. व्यायाम आणि टाळायच्या हालचाली प्रत्येक जागेनुसार बदलतात, म्हणून ‘खुबा दुखतो’ एवढ्या वर्णनावर ठरलेला व्यायामांचा कागद हाती देणाऱ्या केंद्रावर मी विश्वास ठेवणार नाही.

एमआरआय काढायला सांगितले गेले नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. आधी काढलेला एक्स-रे त्यांनी सांध्यातील जागा कमी झाली आहे का हे पाहण्यासाठी बारकाईने पाहिला आणि तो पुरेसा मानला. काहीही दुखत नसलेल्या अनेक लोकांच्या एमआरआयमध्येही या कंडरांत बदल दिसतात. त्यामुळे केवळ चित्रावरून दुखण्याचे कारण ठरवता येत नाही, आणि तपासणी व चित्र यांचा मेळ बसला तरच चित्राला अर्थ राहतो. कंडरा मोठ्या प्रमाणात फाटल्याची शंका असेल, उपचाराला काही महिने प्रतिसाद मिळाला नसेल किंवा दुसराच काही गंभीर आजार असण्याची शक्यता असेल, तेव्हा एमआरआय आवश्यक ठरतो असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रुग्णाचा खर्च आणि काळजी दोन्ही वाचवणारी ही भूमिका मला प्रामाणिक वाटली.

उपचाराचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला त्यात ना यंत्र होते ना औषध. कंडरेवर दिवसभरात कुठे कुठे दाब पडतो हे आम्ही दोघींनी मिळून शोधले. रांगेत किंवा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे असताना सगळा भार एकाच पायावर टाकून कंबर एका बाजूला सोडून देणे, खुर्चीत पायावर पाय टाकून बसणे, गुडघे एकमेकांना चिकटवून खोल, बुटक्या आसनावर बसणे: या सगळ्यांत मांडी मध्यरेषेकडे झुकते आणि तोच पट्टा कंडरेला हाडावर दाबून धरतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहणे, बसताना गुडघे खुब्याएवढ्या अंतरावर आणि खुब्यापेक्षा किंचित खाली ठेवणे, उठताना आधी पुढे सरकून मग उभे राहणे, जिना चढताना कठड्याचा आधार घेणे, हे बदल ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु व्यायामाचा अर्धा तास सोडला तर उरलेला सगळा दिवस यांच्याच हाती असतो.

झोपेविषयीचे मार्गदर्शन स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे, कारण या आजारात माणूस सर्वांत अधिक खचतो तो रात्री. दुखऱ्या कुशीवर झोपले की कंडरा थेट दाबली जाते, हे सगळ्यांच्या लक्षात येते. दुसऱ्या कुशीवर झोपल्यावर वर असलेला दुखरा पाय गुडघ्यातून पुढे आणि खाली घसरतो आणि त्या बाजूची कंडरा ताणाखाली दाबली जाते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी घेणे उत्तम. कुशीवरच झोपायची सवय असेल तर दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल अशी जाड उशी मध्ये ठेवायची, म्हणजे वरचा पाय आडवा, जमिनीला समांतर राहतो, आणि गादी कडक असेल तर तिच्यावर मऊ थर घालायचा. केवळ गुडघ्यांमध्ये लहानशी उशी घातली तर घोटा खाली लटकत राहतो आणि फायदा अर्धवटच होतो. एवढा तपशील त्यांनी मला प्रत्यक्ष झोपवून दाखवला.

ज्या ताणांच्या व्यायामाने मला तात्पुरते बरे वाटत असे, तो त्यांनी बंद केला. गुडघा छातीवर आडवा ओढून नितंब ताणण्याची सवय अनेकांना असते, आणि दुखरी जागा ताणल्याने मोकळी होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या स्थितीत कंडरा हाडावर नेमकी तशीच दाबली जाते जशी पायावर पाय टाकून बसल्यावर.

व्यायामाची सुरुवात हालचाल न करता ताकद लावण्यापासून झाली: पाठीवर झोपून मांड्यांभोवती पट्टा बांधायचा आणि पाय बाहेर उघडण्याचा हलकासा प्रयत्न करून काही काळ तसेच धरायचे. नंतर पाठीवर झोपून दोन्ही पायांवर कंबर उचलणे, पुढे तेच एका पायावर, अर्धवट बैठका, पायरी चढण्याचा सराव आणि अखेरीस रबरी पट्टा बांधून आडवी पावले टाकणे, असा क्रम वाढत गेला. वेग संथ, भार हळूहळू वाढता, आणि आरशासमोर कंबर समतल राहते की नाही याकडे लक्ष. दुखण्याचे नियमन करण्याचा नियमही सोपा होता: शून्य ते दहा या मापावर व्यायामाच्या वेळी पाचपर्यंत दुखले तरी चालेल, पण ते रात्री वाढता कामा नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवे; तसे झाले नाही तर पुढच्या वेळी भार कमी करायचा. दुखण्याची भीती न बाळगता काम करत राहण्याचे स्वातंत्र्य या नियमाने मिळते, आणि थांबायचे कधी हेही तोच सांगतो. कंडरा स्नायूपेक्षा फार सावकाश सुधारते, त्यामुळे कमीत कमी बारा आठवडे आणि अनेकदा त्याहून अधिक काळ लागेल, ही कल्पना पहिल्याच दिवशी दिली गेली होती.

हा क्रम त्यांनी मनाने रचलेला नव्हता. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत ३५ ते ७० वयाच्या २०४ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटाला आठ आठवड्यांत मार्गदर्शनासह व्यायाम, दुसऱ्याला एक स्टिरॉइड इंजेक्शन, आणि तिसऱ्याला आजाराची थोडी माहिती देऊन वाट पाहण्याचा सल्ला. आठ आठवड्यांनी बरे वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७७, ५८ आणि २९ टक्के होते; वर्षाअखेरीस ते सुमारे ७९, ५८ आणि ५२ टक्के झाले. यातला शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो: फारसे काहीही न करता वर्षभरात निम्मे लोक सुधारतात, म्हणून या आजारात कोणत्याही यंत्राला किंवा तेलाला गुण आल्याची ग्वाही ऐकताना सावध राहावे. त्याच वेळी वर्षाच्या शेवटी दुखण्याच्या तीव्रतेत व्यायाम आणि इंजेक्शन या गटांत विशेष फरक उरला नव्हता, हेही नमूद करायला हवे. ज्याला वेदनेमुळे झोप आणि व्यायाम दोन्ही अशक्य झाले आहेत त्याने इंजेक्शन घेणे चुकीचे नाही.

यंत्रांबद्दल थोडेच लिहिण्यासारखे आहे. शेक आणि विजेच्या हलक्या लहरी मागितल्यास दिल्या जात, त्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते. शॉकवेव्हचा, म्हणजे दुखऱ्या जागी बाहेरून यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा, पर्याय सुचवला गेला, पण व्यायामाला प्रतिसाद कमी पडल्यास दुसरी फळी म्हणून, आणि मला त्याची गरज लागली नाही.

उणिवा सांगणे आवश्यक आहे, कारण त्या नव्या रुग्णाचे नुकसान करू शकतात. तपासणी मुख्य फिजिओथेरपिस्ट करतात, पण व्यायाम सामाईक दालनात बहुतेकदा साहाय्यकांच्या देखरेखीखाली होतात, आणि त्यांपैकी एकाने मला गुडघा छातीवर आडवा ओढण्याचा तोच ताण करायला सांगितला जो मुख्य फिजिओथेरपिस्टनी बंद केला होता. माझ्या कागदावर तशी स्पष्ट नोंद असताना हे घडावे ही गंभीर गोष्ट आहे, आणि केंद्राने साहाय्यकांना प्रत्येक रुग्णाच्या टाळायच्या हालचाली तोंडपाठ करायला लावायला हव्यात. गर्दीच्या वेळी आरशासमोरची जागा मिळत नसे, त्यामुळे कंबर झुकते आहे की नाही हे कोणीच पाहत नसे. सुरुवातीला या आजारासाठी खास तयार झालेली, शून्य ते शंभर गुणांची प्रश्नावली भरून घेतली गेली, ज्यात शंभर म्हणजे काहीच त्रास नाही. मधल्या काळात आणि शेवटी मात्र ती मी स्वतः मागितल्यावर पुन्हा भरली गेली. सुधारणा मोजण्याचे साधन हाताशी असताना ते कपाटात राहावे, हे इतक्या चांगल्या केंद्राला शोभत नाही. उपचारक्रम संपताना पुढे किती महिने ताकदीचे व्यायाम चालू ठेवायचे, चढाचे चालणे कसे वाढवायचे, दुखणे पुन्हा उपटले तर काय करायचे, याचा लेखी आराखडाही मिळाला नाही. तोंडी उत्तरे सविस्तर होती, पण तोंडी सूचना विसरल्या जातात.

आज जिना आणि रात्र या दोन्ही बाबतीत मला त्रास नाही, लांब चालल्यावर कधी तरी आठवण होते आणि तेव्हा भार थोडा कमी केला की ती जाते. ज्याला चटकन गुण हवा आहे किंवा रोजचा व्यायाम घरी करण्याची तयारी नाही, त्याने या सेवेकडून फार अपेक्षा ठेवू नये. ज्याला आपल्या शरीरात काय चालले आहे हे समजून घ्यायचे आहे, त्याला मी ती मनापासून सुचवेन.

काही रुग्णांनी मात्र फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टरांकडेच जायला हवे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, विशेषतः वय अधिक असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर मांडीच्या हाडाच्या मानेला भेग गेलेली असू शकते. ताप, अकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनंतर जांघेत सुरू झालेले दुखणे, पायातली वाढती कमजोरी किंवा बधिरपणा यांपैकी काहीही असेल तर रबरी पट्ट्याला हात लावण्याआधी तपासण्या करून घ्याव्यात. आणि काही महिने नीट व्यायाम करूनही चालताना कंबर स्पष्टपणे एका बाजूला झुकत राहिली, तर कंडरा पूर्ण फाटली आहे का हे एमआरआयवर पाहून अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे, कारण अशा मोजक्या रुग्णांना शस्त्रक्रियेने कंडरा पुन्हा हाडाशी जोडून घ्यावी लागते.